कडू तेच औषध

आमच्या गावात कुणाचा पदार्थ घशाखाली उतरला नाही तरी 'वाईट झालाय' असं कोणी म्हणत नाही. 'वेगळाच लागतोय हं,' म्हणतात आणि वर आणखी थोडा वाढून घेतात. नॉर्डबीच्या शाळेत मी एकतीस वर्षं दोनशे पोरांचं दुपारचं जेवण रांधलं. त्या एकतीस वर्षांत माझ्या हाताच्या चवीबद्दल खरं काय ते फक्त पहिलीतल्या पोरांनी सांगितलं. पुढे तीही मोठी झाली आणि सभ्य झाली.

त्यांतलीच एक ब्रिटा हाउगेन, गोठेवाल्या हाउगेनांची धाकटी. ताटातले वाटाणे एकेक वेचून कडेला लावायची आणि वर 'थँक यू, मिसेस टॉलेफसन' म्हणायची. ती आता शहरात विद्यापीठात डॉक्टर आहे. नाडी बघणारी नव्हे, संशोधन करणारी. गेल्या ऑक्टोबरात ती आमच्या वृद्धनिवासात आली, तेव्हा आम्ही बावीस जण जेवणाच्या खोलीत कॉफी घेऊन बसलो होतो. निवासाच्या माहितीपत्रकात तळ्याचा फोटो आहे. खिडकीतून गाडीतळ दिसतो.

"सगळे कसे आहात?" ब्रिटाने विचारलं.

"तसं वाईट नाही," आम्ही एका सुरात म्हणालो. त्यातल्या तिघांच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती.

"तर मंडळी, हिवाळ्यात जो श्वासाचा विषाणू येतो ना, तो रिकाम्या हाताने येतो. बरोबर फक्त विणीचा कागद आणतो. लोकर तुमची, सुया तुमच्या, विणणारे हातही तुमचेच. आणि विणून घेतो स्वतःचे स्वेटर. हजारोंनी."

"माझ्या नणंदेसारखा," युनिस स्टेन्सरूड म्हणाली. विणकाम करणाऱ्या सगळ्या बायका खुर्च्या पुढे ओढून नीट ऐकायला लागल्या.

लोकर म्हणजे अमिनो आम्लं. वीस रंगांची असतात, आणि अंगातली सगळी प्रथिनं त्यांचीच विणलेली. आजारात फुफ्फुसाची डागडुजी करायला शरीरालाही तीच लोकर लागते, आणि म्हातारपणी तिच्यातला एक रंग कमी पडतो असं ब्रिटाचं म्हणणं. त्या रंगाचं नाव ग्लायसिन. रोज एक पुडी ग्लायसिन पोटात गेलं तर आमचा हिवाळा सोपा जातो का, हे तिला बघायचं होतं.

युनिसने सुया मांडीवर ठेवल्या. "पण काय गं, ही जास्तीची लोकर त्या विषाणूनेच पळवली तर?"

"तेच तर बघायचंय, मिसेस स्टेन्सरूड! आमच्याकडे मोठमोठ्या लोकांना हा प्रश्न सुचायला दोन वर्षं लागली."

युनिस लाल झाली. तिची अशी तारीफ लग्नानंतर प्रथमच होत असावी.

मग ब्रिटाने नियम सांगितले. निम्म्या लोकांना खरी पुडी, निम्म्यांना नुसती दिखाऊ. दोन्हींना लिंबाचा वास लावलेला. कुणाला कुठली ते आम्हाला कळणार नाही आणि तिलाही नाही. नंबरांची यादी एका बंद पाकिटात, ते वसंतात फोडायचं.

"म्हणजे निम्म्यांना साखरेची पुडी," युनिसचा नवरा ऑर्व्हिल म्हणाला. "लष्करात आमच्या डॉक्टरकडे एक बरणीच असायची. पाठ दुखतेय? घे साखरेची गोळी. घर आठवतंय? घे साखरेची गोळी. एकदा काय झालं..."

ब्रिटाने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ऑर्व्हिल सत्त्याऐंशीचा, चर्चच्या समितीचा माजी अध्यक्ष, आणि त्याचं बोलणं अजून संपलं नव्हतं. मध्येच तोडणं बरं दिसलं नसतं. ती नुसती हसली. तिला मान्य आहे असं समजून आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझ्या शेजारी आर्डिस क्वाम बसली होती. ब्रिटाच्या प्रयोगात भाग घ्यायला मी सही केली ती तिच्यासाठी. चर्चच्या गाण्यात चाळीस वर्षं आम्ही दोघी एकाच पुस्तकातून गायलो. ती सुरात, मी तिच्या आधाराने. नवरे गेल्यावर निवासात लागोपाठच्या खोल्या घेतल्या. मागच्या हिवाळ्यात त्या विषाणूने तिला गाठलं आणि अकरा दिवस रुग्णालयात ठेवलं. परत आली ती निम्मी होऊन. डॉक्टर तिच्या ॲरिझोनातल्या मुलाला म्हणाले, 'असा आजार त्या पुन्हा सोसणार नाहीत.' मुलाने ते मला सांगितलं, तिला नाही. ॲरिझोनातून आईची काळजी करणं सोपं असतं, ती दुसऱ्यावर सोपवता येते. दुपारी ती आडवी झाली की मी भिंतीला कान लावून तिचा श्वास ऐकायचे. सख्ख्या बहिणीपेक्षा माझा तिच्यावर जास्त जीव होता. सख्खी बहीण अजून हयात आहे, तेव्हा हे तिला कुणी वाचून दाखवू नये.

नोव्हेंबरात पुड्या सुरू झाल्या. दर सोमवारी दाराच्या मुठीला एक पिशवी अडकवलेली असायची. आत सात पुड्या, प्रत्येकीवर आपापला नंबर. आर्डिसचे हात थरथरायचे, म्हणून सकाळची कॉफी माझ्या खोलीत व्हायची आणि दोघींच्या पुड्या मीच फोडून कपात घालायचे.

"छान आहे गं पुडी," आर्डिस पहिल्याच दिवशी म्हणाली. "लिंबाच्या गोळीसारखी. उद्या दोन घाल."

"औषध आहे ते, मिठाई नाही."

"इतकं चांगलं औषध मला आजवर कुणी दिलं नाही."

माझ्या कपातली पुडी मात्र खडू किसून लिंबाच्या सालीत कालवावा तशी लागायची. मला वाटलं, आपलं तोंडच कडू. तसं पुष्कळ लोक म्हणतातही.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आदल्या सकाळी आर्डिस खोकत आली. साधाच खोकला होता, दोन दिवसांत गेलाही. पण मला मागचा हिवाळा आठवला. तिच्यासाठी कॉफी करता करता, का कोण जाणे, मी दोन्ही पुड्या बोटाला लावून चाखल्या. दोनशे माणसांच्या रश्श्यात चमचाभर मीठ कमी असलं तर मला वाफेवरून कळायचं. माझी पुडी कडवट, तिची गोड. चक्क गोड.

साखर! बावीस जणांत जिला औषधाची सगळ्यात जास्त गरज, तिला यांनी साखर दिली होती. आणि जिची छाती घोड्यासारखी, त्या मला औषध. लहानपणी आई रोज सकाळी नाक दाबून माझ्या घशात कॉड माशाचं तेल ओतायची. जिभेला जे गोड ते अंगाला लागत नाही, हे आम्हां ल्युथरन पंथाच्या पोरांना बायबलच्या आधी शिकवतात. कडू तेच औषध. शंकेला जागाच नव्हती.

ब्रिटाला फोन केला असता तर तिने नियम दाखवला असता. आर्डिसला सांगितलं असतं तर ती 'नको गं, तूच घे' म्हणाली असती. आमच्याकडे तिसऱ्या आग्रहाशिवाय कोणी काही घेत नाही, आणि ही गोष्ट तिने तिसऱ्यांदाही घेतली नसती. म्हणून मी विचारलंच नाही. त्या दिवसापासून माझी कडू पुडी तिच्या कपात गेली आणि तिची गोड माझ्या.

"व्हर्ना, तुझी कॉफी हल्ली वेगळीच लागते हं," आठवडाभराने आर्डिस म्हणाली.

वेगळीच! म्हणजे किती वाईट असेल बघा.

"नवा डबा आहे. पी मुकाट्याने."

"आणि ती लिंबाची गोळी?"

"चव बदलली त्यांनी."

"असेल बाई. त्यांनाही काही अडचण असेल," ती म्हणाली आणि तळापर्यंत प्याली. मग कप खाली ठेवून मला 'थँक यू' म्हणाली. रोज म्हणायची. एकही सकाळ चुकली नाही.

दर शुक्रवारी एक फॉर्म भरायचा असे. 'पुडीची चव कशी आहे?' आर्डिस लिहायची, 'बरी.' 'काही त्रास होतो का?' 'तक्रार नाही.' आमच्या लोकांचे पाय कापून नेले तरी ते फॉर्मवर 'तक्रार नाही' असंच लिहितील. तिसरा प्रश्न होता, 'या आठवड्याच्या सगळ्या पुड्या संपल्या का?' मी 'हो'वर खूण करायचे. खोटं लिहायची मला सवय नाही, आणि लिहावंही लागलं नाही. पुड्या संपल्याच होत्या. कुणाच्या पोटात, असं कुणी विचारलं नव्हतं.

विषाणू आला जानेवारीच्या शेवटी. आधी ऑर्व्हिलचं नाक, मग दोन नर्सेस, मग आमच्या मजल्यावरचे चौघे. आर्डिसला गुरुवारी कणकण आली, रविवारी रुग्णवाहिका. मी रोज निवासाच्या गाडीने बत्तीस मैल जाऊन तिच्याजवळ बसायचे. पर्समध्ये पुड्या असायच्या. पहिल्याच दिवशी नर्स म्हणाली, "त्यांना तोंडाने काही द्यायचं नाही हं," तरी मी नेतच राहिले.

बुधवारी आर्डिसने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बोटाने जरा वर केला. "कॉफी आणली नाहीस ना?"

"नाही."

"बरं झालं. फार कडू करतेस अलीकडे."

चाळीस वर्षांत माझ्या हातच्या पदार्थाला तिने उघड नाव ठेवलं ते एवढंच. मला इतकं हसू आलं की नर्स डोकावून गेली. शुक्रवारी सकाळी आर्डिस गेली.

मला त्या हिवाळ्यात साधी शिंकसुद्धा आली नाही.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅम-सँडविच खाताना सगळे म्हणाले, 'तिची वेळ आली होती.' मीही म्हणाले. मनाला एकच आधार होता. मला जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं होतं. स्वतःचं औषध तिला पाजलं होतं. यापलीकडे माणूस काय करणार? त्या आधारावर मी मार्च काढला.

एप्रिलमध्ये ब्रिटा आली. येताना स्वतः भाजलेले चॉकलेट केकचे चौकोन आणले होते. कडा करपलेल्या, मध्ये कच्चे. "वेगळेच झालेत हं," असं म्हणून आम्ही दोन दोन घेतले. तिचे डोळे सुजलेले दिसत होते, पण हसू नेहमीचंच.

"पाकीट फोडलं," ती म्हणाली. "चार गावं, पंच्याऐंशी माणसं. खरी पुडी घेणारे जेवढे आजारी पडले, तेवढेच दिखाऊ पुडीवाले. दोन्ही गटांत काही फरक नाही. माझी पाच वर्षं यात गेली, पण निकाल तो निकाल. पुढच्या महिन्यात तसं छापणार आहे. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून केलंत, त्याबद्दल..."

"म्हणजे साखर खाल्ली काय आणि औषध खाल्लं काय, सारखंच," ऑर्व्हिल म्हणाला.

"साखर नव्हतीच, मिस्टर स्टेन्सरूड. मी खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तुम्ही बोलत होता. ग्लायसिन स्वतःच गोड असतं. दिखाऊ पुडीत नुसता स्टार्च होता, थोडा कडवट. आम्ही धरून चाललो होतो की ऐंशीच्या पुढे जिभेला तेवढा फरक कळत नाही."

गाढवाला गुळाची चव काय! एवढा शिकलेला अख्खा विभाग, आणि चार महिने फॉर्मवर 'चव कशी?' विचारून एकाही म्हाताऱ्याला त्यांनी 'गोड की कडू?' एवढं साधं विचारलं नव्हतं.

हा राग पहिला आला, कारण तो सोपा होता. मागून दुसरी गोष्ट आली. गोड ती खरी. आर्डिसला खरी मिळाली होती. नोव्हेंबरच्या शेवटापासून तिचं औषध रोज सकाळी मी प्यायले होते आणि तिला स्टार्च पाजला होता, वर 'पी मुकाट्याने' म्हणून दटावलं होतं.

केक खाणारे काटे-चमचे थांबले होते. टेबलावर कुणी कुणाकडे बघत नव्हतं. ऑर्व्हिल आपल्या ताटलीतल्या चौकोनाकडे असा बघत होता की जणू तो त्याच्याशी बोलणार आहे. तेव्हा मला कळलं की हा उद्योग करणारी मी एकटी नव्हते.

आणि त्याच क्षणी हेही कळलं की मी सुटलेय. 'काही फरक नाही' असं ब्रिटाच म्हणत होती. पुडीचा उपयोगच नसेल तर कुणाची कुणी प्यायली याला काय अर्थ? मी फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात आमच्या गावाचा हात कोण धरणार?

पण माझ्या शेजारची खुर्ची फेब्रुवारीपासून रिकामी होती. तिच्याकडे बघता बघता माझं डोकं फिरलं. आर्डिस गेली, आणि हे छापणार 'काही फरक नाही'!

"ब्रिटा, ते छापू नकोस," मी उठून म्हणाले.

"काय झालं, मिसेस टॉलेफसन?"

"तो निकाल खोटा आहे. आर्डिसच्या पुड्या मी खाल्ल्या. माझ्या तिला दिल्या. मला वाटलं गोड ती साखर, म्हणून कडू तिच्या कॉफीत घातली. सबंध हिवाळा. तिला माहीत नव्हतं."

मग ऑर्व्हिलने वर न बघता हात वर केला, शाळेत करतात तसा. "मीपण. माझी कडू युनिसला."

"तू?" युनिस त्याच्याकडे वळली. "म्हणून चार महिने माझं तोंड खडू चघळल्यासारखं? आणि मी त्या कवळीवाल्या डॉक्टरला शिव्या घातल्या!"

"साठ वर्षांत पहिल्यांदा तुझ्या भल्याचं केलं तर हे."

मागून दोन्ही लुंडबर्ग बहिणींनी हात वर केले. धाकटीने थोरलीला दिली होती, आणि धाकटीला आणखी कुणी तरी. कोपऱ्यातल्या टेबलावरचा लॉइड म्हणाला की त्याने आपली कडू पुडी मांजराला घातली, कारण ते घरघरत होतं. ब्रिटा हात मोजत होती. अकरावर ती थांबली.

"अकरा जणांनी," ती म्हणाली. "आणि मला एकानेही सांगितलं नाही."

"तू नाराज झाली असतीस," थोरली लुंडबर्ग म्हणाली.

"बाकीच्या तीन गावांत तरी..."

"तीही आपलीच माणसं आहेत, पोरी," ऑर्व्हिल हळूच म्हणाला.

ब्रिटा मटकन खाली बसली. तिने हातातले कागद टेबलावर ठेवले, ते सारखे केले, आणि पुन्हा सारखे केले. पाच वर्षांचं काम आम्ही प्रेमाने बुडवलं होतं. मला तिची कीव आली. पण त्या वेळी मला दुसरंच काही हवं होतं, आणि मी थांबायला तयार नव्हते.

"आर्डिसचा नंबर नक्की खरा होता?" मी विचारलं.

तिने यादीवर बोट फिरवलं. "खरा होता."

"माझा?"

"स्टार्च."

"मग तिची पुडी तिलाच मिळाली असती तर ती वाचली असती का?"

"अगं व्हर्ना," युनिस लगेच म्हणाली, "असं मनाला लावून नको घेऊस. आर्डिसचं वय झालं होतं, तिची फुफ्फुसं आधीच..."

"थांबा, मिसेस स्टेन्सरूड," ब्रिटा म्हणाली. मोठ्या माणसाचं बोलणं नॉर्डबीत असं मध्येच कुणी तोडलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. ती माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर आता हसू नव्हतं. "मला माहीत नाही, मिसेस टॉलेफसन. कदाचित वाचल्या असत्या. कदाचित नसत्याही. हे कळावं म्हणूनच मी हे सगळं केलं होतं. आता ते मला सांगता येणार नाही, आणि दुसऱ्या कुणालाही येणार नाही."

मला वाटलं होतं, एक तर ती म्हणेल तू मारलंस, नाही तर म्हणेल तुझा दोष नाही. दोन्हींची मी तयारी केली होती. याची केली नव्हती.

मी खाली बसले. ब्रिटा उठून माझ्याकडे आली, आर्डिसच्या खुर्चीत बसली. तिने धीर दिला नाही की पाठीवरून हात फिरवला नाही. मी रडले, सगळ्यांसमोर, आवाज करून, आणि बराच वेळ थांबले नाही. आमच्याकडे कुणी रडायला लागलं की लोक नजर चुकवायला काही तरी निमित्त काढतात. जेवणाच्या खोलीत वीस माणसं बसली होती. कुणी खिडकीकडे तोंड केलं नाही, आणि कॉफी आणतो म्हणून कुणी उठलंही नाही.